वजनदार

"तू खालीच थांब. तू बसलीस तर नाव हलायची नाही," जत्रेतल्या प्रचंड झुलत्या नावेसमोर नवरा म्हणाला, तशा दोन्ही नणंदा खुदकन हसल्या. लग्नापासून हे असंच चाललं होतं. वैजयंताही दर वेळी त्यांच्याबरोबर हसून घ्यायची.

आज ती हसली नाही. "अहो, लंबकाचा झोका वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. शाळेत मी दर वर्षी हेच शिकवते," असं म्हणून ती तडक चढली आणि सगळ्यात उंच जाणाऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. नवरा नाइलाजाने शेजारी येऊन टेकला.

नाव झुलू लागली. वर पोचताच तिचं अंग बाकावरून सुटलं. वजन म्हणून काही उरलंच नाही. आयुष्यभर हेच तर मागितलं होतं तिने. पण पुढच्याच क्षणी नाव खाली झेपावली आणि तळाशी तिचं वजन दुप्पट झालं. तिला तेच जास्त आवडलं.

नवऱ्याने डोळे गच्च मिटून तिचा दंड धरला होता. "थांबवायला सांग ना," तो पुटपुटला.

"दादा," तिने नाव चालवणाऱ्याला खणखणीत हाक मारली, "अजून वर जाऊ द्या!"