फटीतून गोधडी

बाहेरून दाराची खालची कडी सरकली, तेव्हा आईच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात निळ्या रेघांचा कागदी चौकोन.

"मुंगी?"

बाहेर खुसखुस झाली. मग खट्कन आवाज आला आणि लाइट गेला. सामानाच्या खोलीचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं.

"मुंगी, कडी काढ बघू. जशी लावलीस तशीच."

कडी दोनदा कुरकुरली आणि अडून बसली. लावायला सोपी, काढायला मोठ्यांनाही जड. तिने दाराला खांदा लावून पाहिला. वरच्या झरोक्याकडे तोंड करून हाका मारल्या, तर कबुतरं तेवढी फडफडली. फोन हॉलमध्ये. नवऱ्याजवळ घराची किल्ली होती, पण तो उगवायचा दिवेलागणीला. आणि मग तिला स्टूल आठवलं. वाळलेले कपडे काढायला गॅलरीत नेलेलं, कठड्याला लावून तिथेच राहिलेलं. चौथा मजला, दार सताड उघडं.

पावलं लांब जायला लागली.

"मुंगी, गंमत बघ." तिने हातातला चौकोन दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला.

पावलं परत आली.

हे चौकोन मुंगीसाठीच होते, पण मुंगीपासून लपवून. आजीने घरच्यांच्या जुन्या कपड्यांची शिवलेली गोधडी पार विरली होती. तिच्यातला तुकडा न् तुकडा बघून तिने तशीच कागदाची करायला घेतली होती, कडेने पांढऱ्या पेनाचा धावदोरासुद्धा. ती मुंगीच्या नव्या खोलीत, पलंगावरच्या भिंतीला लागणार होती, म्हणजे तिथे एकटं झोपताना पोरीचं रडणं तरी थांबेल. तीन वर्षांची झाली, आता सवय लावायलाच हवी, असं नवऱ्याचं म्हणणं. तिचंही तेच म्हणणं होतं, दिवसा.

"हा आजोबा," बाहेरून निकाल आला. शर्टाच्या रेघा ओळखल्या होत्या.

"शाब्बास. आणि हा?"

"मावशी. ठिपके."

आवाज येतोय तोवर पोर दाराशी आहे, एवढं तिच्या ध्यानात आलं. मग तिने हात आखडता घेतला. प्रत्येक तुकड्यामागे चार प्रश्न. हा कुणाशेजारी बसला? मावशीला कुठे ठेवलंस? पडद्याची पिवळी फुलं आली, तिची स्वतःची जुनी हिरवी ओढणी आली. मुंगी सगळ्यांना ओळखत होती, रांगेत बसवत होती, मधूनच कुणाला तरी रागावत होती. आत कोंदट झालं होतं. घाम हनुवटीवरून कागदावर पडत होता. ढीग कमी झाला, तशी ती फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत चौकोन धरून तिरके कापायला लागली.

"हा फाटका."

"फाटका नाही गं, त्रिकोण आहे."

"आजीला सांग शिवायला."

पुढचा तुकडा सरकवला, तो तसाच पडून राहिला. ती जमिनीला गाल लावून आडवी झाली. फरशी दिसत होती आणि टेबलाचा एक पाय. तेवढ्यात गॅलरीच्या बाजूला कपड्यांचा चिमटा पडल्याचा बारीक आवाज आला.

हाक अगदी ओठांवर आली. आणि मुंगी दचकून वळली तर? तिने मूठ दातांत धरली. मग कात्री फटीजवळ नेऊन नुसतीच उघडमीट करायला लागली, कच् कच् कच्, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आई नवीन कापतेय हं."

कच् कच् कच्.

कितीतरी वेळाने पावलं आली. अगदी रमतगमत.

"कुठे गेली होतीस?" तिने विचारलं, आणि तिला रडू फुटलं.

मुंगी दाराला टेकून बसल्याचं लाकडातून कळलं.

"रडायचं नाही," मुंगी म्हणाली. "मी इथेच आहे ना. दार आता सकाळी उघडणार."

शब्द न् शब्द ओळखीचा होता, रोज रात्री नव्या खोलीच्या दाराबाहेरून तिने स्वतःच म्हटलेला. त्यातला गोड कडकपणासुद्धा.

दिवेलागणीला किल्ली फिरली. हा काय पसारा, असं म्हणत नवरा आला; तिने आतून हळूच हाक दिली, तसा दाराशी थबकला. दबक्या आवाजात त्याने सांगितलं, मुंगी दाराला टेकून झोपलीय, सगळे कागद अंगावर पांघरून.

"आधी गॅलरीतलं स्टूल आत आण."

तो गेला. परत येऊन दाराशी वाकला. मग फटीतून एक कागद आत आला. निळ्या रेघांचा. "हा स्टुलावर होता," तो म्हणाला.

तिने तो छातीशी धरला.

"थांब, हिला उचलतो आणि कडी काढतो."

"नको. उठेल ती."

"अगं, मग तू आत काय करणार? निदान लाइट तरी लावतो."

"नको," ती म्हणाली. फटीतून मुंगीच्या केसांची एक बट आत आली होती. अंधारात चाचपत तिने त्यावर बोट ठेवलं.

"अशी बसणार किती वेळ?"

"ती सांगेल. सकाळ झाली की."