टर्बोचं बटण

“बाबा, माझ्या लॅपटॉपचं गणित कधीच सुटलं. तुमचा डबा अजून घामच गाळतोय!”

दोघांवर एकच प्रोग्राम लावून मी शर्यत घेतली होती. बाबा नुसते हसले आणि तीस वर्षांच्या त्या कॉम्प्युटरवरची धूळ ब्रशने झटकत राहिले. एवढ्यात माझं लक्ष पुढच्या बटणाकडे गेलं. “अहो, याचा टर्बो बंद आहे! आता बघा कसा पळतो ते.” मी बटण दाबलं.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. माझ्या लहानपणी बाबांनी लिहिलेला चिमणीचा गेम ती रोज दुपारी याच्यावर खेळते. चिमणी तारेवर बसली की कळ दाबायची, मग तिला दाणा मिळतो. आजारपणानंतर आईची बोटं जड झाली आहेत. आज चिमणी बसते न बसते तोच भुर्रकन उडून जात होती. एकही दाणा पडेना.

बाबांचा चेहरा उतरला. “थांब, जरा तापलाय तो,” म्हणत त्यांनी आडोसा करून टर्बो बंद केला. चिमणी पुन्हा तारेवर निवांत बसू लागली.

“बघा, अजून हात चालतो माझा!” आई म्हणाली. बाबा खुशीत चहा टाकायला गेले.

आईने मला जवळ ओढलं. “त्या बटणाला पुन्हा हात लावू नकोस. मला केव्हाच कळलंय ते. पण मी जिंकले की हे दोन घास जास्त जेवतात गं.”