भिंतीपलीकडची बादली

रेकॉर्ड लावली की गाण्याच्या आधी घूंऽऽ असा आवाज यायचा. आवाज वाढवणारा नवा प्रीॲम्प आणला, तरी तेच. शेवटी अंगद मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लेअरची अर्थची वायर घट्ट बसवली, फरक नाही. मग सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगला बल्ब जोडला. तो नुसता मिणमिणला.

"मशिनीत काय बी नाय, काका. घराची अर्थिंग गेली. तिचा खड्डा कुठंय?"

"भिंतीपलीकडे, माझ्या भावाच्या, श्रीरंगच्या अंगणात. वाटणी झाली, खड्डा तिकडे राहिला."

"लई कोरडा पडला असंल. उन्हाळ्यात रोज पाणी टाकावं लागतं त्याच्यात."

श्रीरंग रोज सकाळी भिंतीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचा. नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि हा खुशाल मातीत ओततोय! माझ्या भिंतीत ओल मुरावी म्हणूनच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मार्चमध्ये त्याला वकिलाची नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवसापासून बादली बंद झाली.

"म्हणजे आता त्याच्याही घरात हीच बोंब असणार," मी म्हणालो. तेवढंच जरा बरं वाटलं.

अंगद टेस्टर खिशात ठेवत होता.

"श्रीरंगकाकांकडं? नाय. त्यांना पुढच्या बाजूला नवा खड्डा मीच करून दिला, दोन वर्षं झाली. जुन्यावर आता फक्त तुमचंच घर हाय."