घाटाच्या पायथ्याशी

मागच्या सीटवर त्याची लेक बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती आणि घाटाच्या पायथ्याशी, देवीच्या घुमटीसमोर, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली. अ‍ॅम्ब्युलन्सला तास लागणार होता.

"चार्जिंग वर, तालुक्याच्या कचेरीत हाय," घुमटीशेजारची नारळवाली म्हणाली. तिनं त्याला निरखून पाहिलं. "साहेब, चार्जरसाठी हितली जागा बघायला तुमीच आला हुता न्हवं?"

अहवालात त्यानंच लिहिलं होतं: इथं कुणी थांबत नाही. ड्रायव्हर चालत्या गाडीतूनच देवीला नाणं टाकतात. चार्जर कचेरीतच बरा.

"बाबा, नाही सहन होत."

तो हात जोडून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. समोरून येणारा टेम्पो हळू झाला, ड्रायव्हरनं हात बाहेर काढला. बापाच्या जिवात जीव आला.

टेम्पो वळसा घालून निघून गेला. नाणं त्याच्या पायाशी येऊन पडलं.