दुपारच्या नोंदी

बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेलच्या डबीचे चारही स्क्रू काढून बशीत ठेवले. आत त्यांचंच सोल्डरिंग होतं. ओबडधोबड, पण एकही तार सुटलेली नव्हती. मेणबत्ती गळल्यासारखं दिसतं, असं आई म्हणायची. बापलेकी एकाच माळेचे मणी, असंही म्हणायची.

दोघं जायचे त्या रविवारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात नवा प्रकल्प मिळाला होता, कुंडीला आपोआप पाणी घालायचा. सुटे भाग नवे कशाला, बेलचेच काढू, असं दोघांनी ठरवलं. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पलंगापाशी बटण, तिथून भिंतीवरून लांब वायर, आणि इथे बेल. तीन रविवार खपून केलेली. आईने ती कधी वाजवलीच नव्हती. मुलीला त्याचा राग होता. आई गेली तरी तो गेला नव्हता.

"शोभेची वस्तू केली आपण," ती म्हणाली आणि डबी कॉम्प्युटरला जोडली.

जुना प्रोग्राम पुसण्याआधी पडद्यावर एक यादी आली. बटण दाबलं की वार आणि वेळ साठवायची, असा एक धडा होता. त्याचा कोड तिनेच लिहिला होता आणि ती तो विसरून गेली होती.

सोमवार, अकरा वीस. सोमवार, एक पाच. मंगळवार, बारा चाळीस. यादी संपेचना.

"घड्याळ चुकलंय तुझं," बाबा म्हणाले.

तिने तपासलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

"बरोबर आहे, बाबा. पण यात एकही रविवार नाहीये. संध्याकाळ पण नाहीये."

दुपारी ती शाळेत असायची, बाबा कारखान्यात. शेजारच्या काकू दोन वाजता जेवण देऊन जायच्या. संध्याकाळी बाबा रोज विचारायचे, बेल का नाही वाजवलीस? आई म्हणायची, "दमून आलायत, बसा जरा. मला कुठे काय लागतं?"

 बाबांनी बशीतला एक स्क्रू उचलला आणि डबी बंद करायला घेतली. कुंडीचं काय, हे तिने विचारलं नाही. ती उठून आईच्या खोलीत गेली, रिकाम्या पलंगावर बसली आणि बटण दाबलं.

बेल वाजली.

"आलो, आलो गं," बाबा म्हणाले आणि हातातल्या पेचकसासकट धावत सुटले.