बंद अणुभट्टी

“दर खंडेनवमीला अणुभट्टी बंद ठेवून पूजा करता, हे आम्हाला कधीच का कळवलं नाहीत?” तपासणी अधिकारी कडाडले. “परवाना जाईल!”

विद्यापीठाच्या अणुभट्टीप्रमुख ढवळीकर मॅडमनी मान खाली घातली. “चुकलंच साहेब. यंत्राला एक दिवस विश्रांती द्यायची रीत. आता सगळं लिहून देते.”

“आणि दसऱ्याला पुन्हा सुरू केल्याचं कळवलंत?”

“तेही राहिलंच.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग पहिल्या वर्षी बंद केली, एवढंच कळवा. सुरू केल्याची नोंदच नाही, म्हणजे भट्टी तेव्हापासून बंदच! बंद भट्टीचं काय कळवायचं?”

मॅडमनी गोंधळून भट्टीच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. चालत्या भट्टीचा निळा उजेड साहेबांच्या चष्म्यावर पडला होता.

कठड्यावर रेलून ते म्हणाले, “बंद असूनही काय देखणी दिसते हो!”