सुनेच्या हातचं खेकड्याचं रस्सम

सर्दीनं माझा घसा पार बसला. नागपट्टणमच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव मीच पुकारते. एक दिवस आवाज नाही फुटला, की माझ्या जागेवर टपून बसलेली दुसरी मासेवाली, सेंगमलम, ती बळकावणार. होड्या परतायच्या बेतात होत्या. माझी सून कयल शाकाहारी घरातली, मासळीच्या वासानं तिला मळमळायचं. तीच नाकाला पदर बांधून अमावास्येचे, मांसानं भरलेले खेकडे कवचासकट उखळात कुटत होती. रस्समात मिरे दुप्पट पडले, पण मी ओरडणार कशानं? “अत्तै, गप्प बसून प्या,” ती म्हणाली. “अशी संधी मला पुन्हा मिळायची नाही!” प्यायले. कानांतून धूर निघाला, नाक मोकळं झालं. किनाऱ्यावर सेंगमलम पहिल्या टोपलीशी उभीच. “काय अक्का, आज मुकाट्यानं लिलाव?” मी तोंड उघडलं. घोगराच, पण आवाज लाटांच्या वर चढला. “चल, हो बाजूला! माझ्या सुनेचं रस्सम बोलतंय!”